सतरावं धुणं

१८ सप्टेंबर. आज कामाक्षीबाईंचं कपाट रिकामं करायचं आहे.

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे, आणि चेन्नईत तळमजला म्हणजे काय हे दोन-तीन वर्षांतून एकदा नोव्हेंबरात कळतं. म्हणून यंदा पाऊस लागायच्या आत सगळं सामान दुसऱ्या मजल्यावर न्यायचं ठरलं. बाकीची कपाटं गेली. हे एकच राहिलं, कारण त्याची किल्ली कुणाला सापडत नव्हती. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी अडीच महिने बोलले नव्हते.

उघडलं. वरच्या खणात जॅमच्या जुन्या बाटल्या, चाळीसेक तरी असतील. प्रत्येकीत काळपट स्पंजाचा तुकडा, प्रत्येकीवर कागद चिकटवलेला. मधल्या खणात सहा वह्या. खाली एक जोड चपला, दोरीने बांधलेलं चिंचेचं पुडकं आणि छत्री. छत्री त्या विसरल्या असतील यावर माझा विश्वास नाही. एक जास्तीची ठेवली असणार.

माझ्या टेबलावर एक कागद आहे. उद्या अकरापर्यंत त्यावर माझी सही व्हायची आहे. आमचा स्पंज बाजारात आणणाऱ्या कंपनीला पाकिटावर छापायला एक आकडा हवा आहे, आणि तो आकडा प्रयोगशाळेने प्रमाणित करायचा आहे. कागदावर लिहिलंय: शंभर वेळा वापरता येतो. कामाक्षीबाईंनी त्यावर सही केली नाही. त्या गेल्या, आणि चाचणी विभागाचा कार्यभार माझ्याकडे आला, त्यासोबत हा कागदही.

आधी स्पंजाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. साधा स्पंज तेलही पितो आणि पाणीही. आमच्या स्पंजावर एका पॉलिमरचा पातळ लेप असतो. तेल तरंगत असलेल्या पाण्यात तो टाकला की फक्त तेल पितो, पाण्याला जवळ करत नाही. मग तोच स्पंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकला की त्याचा स्वभाव उलटतो. पाणी आत घेतो आणि प्यालेलं तेल सोडून देतो. किंचित आम्ल घातलेल्या पाण्यातून खळबळून वाळवला की परत पहिल्यासारखा. तेल वेगळं, पाणी वेगळं, आणि स्पंज पुन्हा कामाला तयार. एकदा वापरून फेकायचे स्पंज बाजारात पुष्कळ आहेत. आमच्याची सगळी मातब्बरी तो पुन्हा वापरता येण्यात. कितीदा वापरता येतो हे ठरवणं कामाक्षीबाईंचं काम होतं. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं: दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी मोडेपर्यंत वापरणं.

त्या तंजावरच्या मराठी. कागदोपत्री आर. कामाक्षी बाई. त्या घरांतून बायकांच्या नावामागे 'बाई' असतंच, पण बँकेपासून पोस्टापर्यंत सगळ्यांनी ते आडनाव धरलं होतं. त्यांना पत्रं यायची ती 'मिस बाई' नावाने. त्या दुरुस्त करायच्या नाहीत. आमचे प्रकल्पप्रमुख डॉ. वरदन त्यांना 'बाई मॅडम' म्हणायचे, आणि ते ऐकून मला पहिले सहा महिने हसू यायचं. नंतर मीही तेच म्हणू लागले.

मी मोघे, सांगलीची. एकोणीस वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून आनंदाने त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि भरभर बोलले. त्यांनी चष्म्यावरून बघत सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं मराठी बिघडलं आहे गे," त्या म्हणाल्या. "आमचं आहे तसंच आहे. साडेतीनशे वर्षं पेटीत घालून ठेवलं होतं."

त्यांच्या मराठीत अर्धे शब्द माझ्या पणजीच्या काळातले आणि उरलेल्यांपैकी बरेच तमिळ. चाल पूर्ण तमिळ, वाक्याचा शेवट वर उचललेला. 'सगळं'ला त्या 'अस्कं' म्हणायच्या, 'कशाला'ला 'कसाला'. तरी बिघडलेलं मराठी माझंच, यावर त्या शेवटपर्यंत ठाम होत्या.

बुटक्या होत्या. नायलॉनची साडी, खांद्याला पिन, वरून प्रयोगशाळेचा कोट, आणि कोटाच्या खिशात लहान टॉवेल. फिरत्या खुर्चीवर बसायच्या नाहीत. त्यांच्यासाठी एक लाकडी स्टूल होतं आणि त्यावर दुसरं कुणी बसत नसे. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भाच्याकडे अण्णा नगरला राहायच्या आणि रोज तिथून तांबरमला यायच्या, मेट्रो, मग लोकल, मग शेअर ऑटो. जवळ घर घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "जवळ राहिलं की ऑफिसवाले रविवारी बोलावतात."

कुणी कशाचंही कौतुक केलं की त्यांचा एकच प्रश्न: "धुऊन पाहिलं का?"

साडी असो, मिक्सर असो, नवं यंत्र असो. एकदा मी माझ्या पुतणीच्या ठरलेल्या नवऱ्याचं वर्णन करत होते. शिकलेला, शांत, आईला मदत करणारा. बाईंनी डबा बंद केला आणि विचारलं, "धुऊन पाहिलं का?"

"बाई, तो माणूस आहे."

"म्हणून तर विचारतें. साडी फसली तर बोहारणीला देतां येते."

पाहुणे आले की प्रयोगशाळेत एक खेळ व्हायचा. काचेच्या चंचुपात्रात स्वच्छ पाणी, त्यावर लाल रंग घातलेलं शुद्ध तेल. डॉ. वरदन चिमट्याने पांढराशुभ्र स्पंज त्यात सोडायचे, लाल थर नाहीसा व्हायचा, पाहुणे फोटो काढायचे. वरदन वाईट माणूस नाहीत, हे इथेच सांगून टाकते. हुशार आहेत, लेप त्यांनीच शोधला, आणि पैशाअभावी प्रयोगशाळा बंद पडू नये म्हणून जिवाचं रान करतात. पण लाल तेलाच्या खेळाच्या वेळी बाई खोलीबाहेर जायच्या.

"असं लाल तेल कोठे सांडतं, मला दाखवा," त्या वरदनना म्हणाल्या. "मी तिकडे चाचणी करतें."

"बाई मॅडम, ते दिसावं म्हणून असतं."

"खरं तेल दिसत नाही असं कोण म्हणालं?"

पुढच्या खेपेला कंपनीची माणसं आली, पांढऱ्या शर्टांतली चार जणं. खेळ सुरू होणार एवढ्यात बाई आल्या. हातात झाकणाची प्लास्टिकची बादली. झाकण काढलं आणि सबंध खोलीत गॅरेजचा वास भरला. वेलचेरीच्या एका दुचाकी दुरुस्तीच्या शेडमधलं धुण्याचं पाणी होतं ते: इंजिन ऑइल, ग्रीस, साबण, माती. वेलचेरीहून बस आणि लोकल करत ती बादली त्यांनी मांडीवर धरून आणली होती.

"गर्दी नव्हती का?" मी नंतर विचारलं.

"होती. वास आल्यावर नव्हती. दोघांनी जागा दिली."

कंपनीच्या माणसांनी फोटो काढले नाहीत. पण त्यातला एक जण मागे राहिला आणि त्याने बाईंना विचारलं की या घाणीत स्पंज किती टिकेल. बाई म्हणाल्या, "मला ठाव नाही. म्हणून तर आणली."

ती शेड सेल्वमची. मी राहते त्या वेलचेरीच्या इमारतीपासून दोन गल्ल्यांवर, लोकलच्या पुलाखाली. त्याच्या शेडचं पाणी गटारात जातं, आणि पुराच्या वेळी गटार आमच्याकडे येतं. मागच्या पुरात आमच्या संपात, म्हणजे इमारतीखालच्या पाण्याच्या टाकीत, तेलाचा तवंग आला. तीन वेळा धुऊनही वास गेला नाही. इमारतीतल्या लोकांनी शेड बंद करावी म्हणून अर्ज केला. त्यावर सह्या केल्या, मीही केली. सेल्वमला नोटीस आली: पाणी स्वच्छ करून सोडा, नाहीतर शेड उचला. मी हे बाईंना जेवताना सहज सांगितलं.

"तूही सही केलीस?"

"केली. मला पाणी लागतं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. मला वाटलं विषय संपला. डबा धुऊन आल्यावर म्हणाल्या, "आतां त्याच्याकडे घेऊन चल मला."

सेल्वम पन्नाशीचा, पोट सुटलेला, सतत बोलणारा. बाईंनी त्याला दोन स्पंज दिले आणि कृती समजावली. बादलीत टाक, तेल पिऊ दे, सोड्याच्या पाण्यात सोड, या बाटलीतलं एक झाकण आम्ल घातलेल्या पाण्यातून काढ, वाळव. किती वेळा धुतलं त्याची भिंतीवर रेघ मार. त्याने सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "या मॅडमनी माझ्याविरुद्ध सही केली, आणि आता स्पंज घेऊन आल्या?"

"तिने सही केली म्हणूनच आली," बाई म्हणाल्या. "न करणारे घरी बसले आहेत."

सतरा दिवसांनी त्याचा बाईंना फोन आला. मी शेजारीच होते, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "अम्मा, तुमचा स्पंज माझ्या मेव्हण्यासारखा निघाला. प्यायला बरोबर येतो, पण घेतलेलं परत सोडत नाही."

वरदन म्हणाले, त्याने नीट वापरला नसेल. तसं सगळ्यांनाच वाटलं, मलाही. आमच्याकडे तोच स्पंज शंभर धुण्यांनंतरही ठणठणीत होता. वही तसं सांगत होती आणि वही खोटी नव्हती. बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी शेडमधली बादली, शेडमधला सोडा, सगळं प्रयोगशाळेत आणलं आणि सेल्वम करायचा तसं, आमच्या बेसिनच्या नळाखाली, धुवायला घेतलं. आमच्या नळाला बोअरचं पाणी येतं. पहिला स्पंज सतराव्या धुण्याला मेला. दुसरा सोळाव्या. तिसरा अठराव्या.

"पण प्रमाणित चाचणी ऊर्ध्वपातित पाण्यातच होते," वरदन म्हणाले. "जगभर तशीच होते. त्यात शंभर. मी खोटं काही लिहीत नाहीये."

"सेल्वमकडे ते पाणी कोठलं?"

"तो वापरणाऱ्याचा प्रश्न झाला."

"मग वापरणाऱ्याला आकडा कसाला सांगतां?"

मी तेव्हा मध्ये पडले. त्यांची निवृत्ती होऊन गेली होती; दर वर्षी जूनअखेर मुदतवाढ मिळायची आणि ती वरदनांच्या शिफारशीवर असायची. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, सही करून टाका. शंभर खोटं नाही. खाली तळटीप घालू."

"तळटीप कोण वाचतो गे? सेल्वम?"

"मुदतवाढ जवळ आलीय."

"ती माझी आहे. स्पंजाची नाही."

स्पंज का मरतो, ते मात्र त्यांना कळत नव्हतं, आणि हे त्यांना सहन होत नव्हतं. महिनाभर त्यांनी सोडा बदलला, तेल बदललं, उन्हातलं वाळवणं बंद करून सावलीत वाळवलं. आकडा सतराच्या आसपासच. या काळात त्या फार तिरसट झाल्या होत्या. एकदा कुणीतरी त्यांच्या स्टुलावर बसलं तर त्या काही न बोलता समोर उभ्या राहिल्या, तो माणूस उठेपर्यंत. चारेक मिनिटं लागली.

मे महिना होता. पाण्याची ओढ. त्या दिवशी प्यायच्या पाण्याचे कॅन आणणारी गाडी आली नाही. कॅन्टीनच्या मुरुगेसनने सांबार बोअरच्या पाण्यात केलं. डाळ शिजलेली नव्हती. वर पिवळं पाणी आणि खाली खड्यांसारखे दाणे. सगळ्यांनी तक्रार केली.

"मी काय करू," मुरुगेसन म्हणाला. "दोन तास उकळतोय. या पाण्यात डाळ फुगत नाही. तुमच्या घरी फुगते का?"

नाही फुगत. हे चेन्नईत प्रत्येक बाईला माहीत आहे. मी इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी शिकले होते. डाळीला कॅनचं पाणी, बोअरचं फक्त भांड्यांना. माझ्या शेजारी कामाक्षीबाईंनी तोंडातला घास गिळला नाही. त्या दाणा दातांनी फोडून बघत होत्या. मग ताट तसंच ठेवून उठल्या. त्यांनी ताट टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी मागोमाग गेले. त्या बेसिनपाशी उभ्या होत्या आणि मेलेला स्पंज भिंगाखाली धरून होत्या.

"आपण गाढव आहोत," त्या म्हणाल्या. "तूं, मी, आणि तो वरदन. तिघं."

बोअरच्या पाण्यात चुना असतो. तो डाळीच्या आतल्या धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकतो, म्हणून ती फुगत नाही, कितीही उकळा. आमच्या पॉलिमरच्या धाग्यांनाही नेमकी तशीच टोकं आहेत. सोड्याच्या पाण्यात ते धागे उलगडायचे, पाणी आत घ्यायचे आणि तेल बाहेर ढकलायचे, हेच तर त्याचं सगळं कसब. दर धुण्याला थोडा थोडा चुना बसत गेला, धागे बांधले गेले, आणि सतराव्या वेळी ते उलगडलेच नाहीत. आमचं मोजून घातलेलं झाकणभर आम्ल त्याला पुरं पडत नव्हतं. त्या पाण्यात आम्ही कुणी कधी डाळ टाकली नसती. स्पंज मात्र खुशाल टाकला, कारण स्पंज आम्ही खात नव्हतो.

त्या कॅन्टीनमध्ये परत गेल्या आणि मुरुगेसनकडे चिंच मागितली. पितळेच्या भांड्यांवरचा चुन्याचा थर चिंचेने जातो, तेच. गरम पाण्यात चिंच कोळून मेलेले तिन्ही स्पंज रात्रभर भिजत ठेवले. सकाळी सोड्याच्या पाण्यात टाकले तर तिघांनीही अडवून ठेवलेलं तेल सोडलं. बाईंनी आनंद वगैरे काही दाखवला नाही. टॉवेलला हात पुसले आणि वहीत लिहिलं: 'चिंच. उठला.' ते पान आत्ता माझ्यासमोर आहे.

पुढचे आठवडे त्यांनी तेच परत परत केलं. दर पंधरा धुण्यांनंतर एक रात्र चिंचेच्या पाण्यात. वही सांगते की बोअरच्या पाण्यात, गॅरेजच्या घाणीत, स्पंज सत्तरच्या पुढे गेला. शंभर नाही. सत्तरनंतर लेपच झिजतो, त्याला चिंचेचा उपाय नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलंय, अधोरेखित करून.

आता पाकिटावर काय छापायचं ते त्यांच्या मनात पक्कं होतं: साध्या पाण्यात पंधरा धुणी, मग चिंचेच्या पाण्यात रात्रभर, असं करत सत्तरपर्यंत. वरदननी ते कंपनीला कळवलं, हे कबूल करायला हवं. कंपनीकडून उत्तर आलं की चिंच छापली तर माल घरगुती नुस्ख्यासारखा दिसेल. शिवाय शंभर हा आकडा लोकांच्या लक्षात राहतो. वरदन कागद घेऊन बाईंकडे आले. मी तिथेच होते.

"बाई मॅडम, दोन वर्षं पैसे नाहीत आपल्याकडे. हे विकलं गेलं तर प्रयोगशाळा चालेल. प्रमाणित पाण्यात शंभर होतं की नाही? तेवढ्यापुरती सही करा."

"सेल्वम पाकीट वाचून शंभर वेळां धुईल?"

"धुईल."

"सतराव्या वेळी तेल सुटणार नाही. तो काय करील?"

वरदननी कागद टेबलावर ठेवला.

"गटारात टाकील," बाई म्हणाल्या. "तेल आणि स्पंज, अस्कं. आधी नुसतं तेल जात होतं. मग त्याची शेड उचलतील, आणि ही मोघे संप धुवीत बसेल. यासाठी मी बावीस वर्षं धुणीं धुतलीं नाहीत."

"मग मी मुदतवाढीची शिफारस कशी करू?"

"नक्को करूं."

एवढंच. आवाज चढला नाही. वरदन कागद घेऊन गेले, आणि जूनअखेरीला मुदतवाढ आली नाही.

निरोपाचा कार्यक्रम ठरला. शाल, हार, केळ्याच्या पानावर जेवण. बाईंनी निरोप पाठवला की त्या येणार नाहीत. मी समजवायला गेले, कारण हार आणून ठेवला होता आणि मला गोष्टी वाया गेलेल्या आवडत नाहीत.

"मी जात नाही आहें," त्या म्हणाल्या. "मला काढलं आहे. काढलेल्याला शाल कसली? थंडी कोठे आहे?"

"लोकांना वाईट वाटेल."

"वाटूं दे. थोडं वाटलंच पाहिजे."

वर हॉलमध्ये सगळे बसले होते आणि त्या खाली बेसिनपाशी एका स्पंजाचं त्रेसष्टावं धुणं करत होत्या. ते संपवलं, वहीत लिहिलं, हात पुसले, कोट घडी करून स्टुलावर ठेवला. किल्ली माझ्या हातात दिली. सांभाळ म्हणाल्या नाहीत, काय कर तेही सांगितलं नाही. फाटकापाशी रखवालदाराने ओळखपत्र जमा करायला सांगितलं. त्यांनी ते काढून दिलं आणि पावती मागितली. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून देईपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या.

शेअर ऑटो भरलेला होता, कॉलेजच्या मुली कोंबून बसलेल्या. बाईंनी पिशवी आधी आत ढकलली आणि मग स्वतः चढल्या. ऑटोत गाणं मोठ्याने लागलं होतं. ऑटो हलला तेव्हा त्या चालकाच्या खांद्यावर बोट टोचून गाणं कमी करायला सांगत होत्या. त्याने केलं नसावं, कारण वळणापर्यंत मला गाणंही ऐकू येत होतं आणि त्यांचं बोटही दिसत होतं. त्यांनी मागे पाहिलं नाही. मीच उभी होते.

ऑगस्टमध्ये भाच्याचा फोन आला. हृदयविकार, अण्णा नगरच्या इस्पितळात, एका दिवसात. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. भाचा तमिळमध्ये बोलत होता; त्याला मराठी समजतं, बोलता येत नाही. तो म्हणाला, आत्या शेवटपर्यंत त्या स्पंजाबद्दल विचारत होती, पाकिटावर काय छापलं म्हणून. मी सांगितलं की अजून काही छापलेलं नाही. ते खरं होतं. कागद सहीवाचून अडला होता.

आणि आता तो माझ्याकडे आहे. वरदन काल म्हणाले, "मोघे मॅडम, तुम्ही व्यवहारी आहात." आहे मी. मुलगी शिकतेय, घराचे हप्ते आहेत, निवृत्तीला अकरा वर्षं आहेत. उन्हाळ्यात त्यांना सही करून टाका म्हणणारी मीच होते, आणि तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. आज सहाच्या सहा वह्या वाचल्या. दुपारचं जेवण राहिलं. बाईंचं अक्षर चांगलं नव्हतं, पण एकही आकडा खोडून परत लिहिलेला नाही.

१९ सप्टेंबर.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी सेल्वमच्या शेडवर गेले. भिंतीवर खडूच्या रेघा होत्या, पाच-पाचचे जुडगे, आणि तीन जुडग्यांनंतर एक गोल. मी विचारलं, गोल म्हणजे काय. "चिंच," तो म्हणाला. "अम्मांनी सांगितलं होतं. माझी बायको ओरडते, सगळी चिंच स्पंजालाच जाते." मी रेघा मोजल्या. अठ्ठावन्न. बादलीतलं पाणी बघितलं. वरचा थर गेला होता. नोटीसवाले येऊन पाणी बघून गेले का, विचारलं. "येऊन गेले, परत येणार आहेत," तो म्हणाला. "तोपर्यंत स्पंज मरायला नको."

दहा वाजता कागद पुढे घेतला. 'शंभर' वर शाईने रेघ मारली. शेजारी लिहिलं: बोअरच्या पाण्यात पंधरा धुणी, त्यानंतर रात्रभर चिंचेच्या पाण्यात, असे सत्तरपर्यंत. खाली बाईंच्या वह्यांचे क्रमांक घातले आणि सही केली. छायाप्रत काढून पर्समध्ये ठेवली. मग कागद वरदनना नेऊन दिला.

त्यांनी दोनदा वाचला. "मोघे मॅडम, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"खाडाखोड केलेला कागद कंपनी घेणार नाही."

"मग नवा छापा. मी थांबते."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी फोन केला, हळू आवाजात काहीतरी बोलले, बाहेर गेले. वीस मिनिटांनी नवा कागद आला. त्यावर पुन्हा शंभर होतं.

मी पुन्हा खोडलं.